कट्ट्याला कंबर नसते

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढं मी शहाण्यासारखी बोलायला लागले की तुम्हाला मनातल्या मनात हसता येईल.

मोटरसायकलच्या मागच्या चाकाला दोन शॉक असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. शॉक म्हणजे तीच ती जाड स्प्रिंग, जिच्या पोटात तेलाची नळी असते. तिच्या बुडाशी एक कडं असतं आणि त्याला पायऱ्यांसारख्या खाचा. कडं एक खाच फिरवलं की स्प्रिंग थोडी दाबून बसते आणि गाडीचं बूड वर उचललं जातं. दोन्ही कडी नेहमी एकाच खाचेवर ठेवायची, हे गॅरेजमधल्या मांजरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. मी डावा शॉक दोन खाचा जास्त घट्ट करून द्यायची. का? तर आपल्याकडच्या बायका साडी नेसून डावीकडं पाय सोडून बसतात. वजन डावीकडं, मग डावी स्प्रिंग जास्त घट्ट नको का? इतकी सोपी गोष्ट जगात दुसऱ्या कुणाला कशी सुचली नाही, याचं मला भारी नवल वाटायचं. मी त्याला नावसुद्धा दिलं होतं, 'लेडीज सेटिंग'. दुकानाच्या पाटीवर लाल रंगात रंगवून घेतलं होतं.

आमचे हे मिस्त्री. ते म्हणायचे, "अगं, कंपनीवाले काय येडे हायेत का?"

मी म्हणायची, "कंपनीवाल्यांच्या बायका पँटी घालतात. त्यांना काय कळतंय!"

गिऱ्हाइकं खुश. बायका तर फारच खुश, कारण त्यांच्यासाठी म्हणून वेगळं असं त्या अख्ख्या बाजारात माझ्याच दुकानात मिळायचं. मग एक दिवस अर्धापूरचे एक केळीवाले आणि त्यांची बायको दुकानात आले. दोघंही गुडघ्यापर्यंत चिखलात. लागलं कुणाला नव्हतं, पण केळीवाल्यांच्या पागोट्यात केळीच्या पानाचा एक तुकडा अडकला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमच्या सेटिंगनं आमची गाडी आपणहून केळीच्या बागेत शिरली."

बायको म्हणाली, "अन् ती बाग बी आमची न्हवती."

त्या रात्री आमच्या ह्यांनी गाडीचं मागचं चाक काढून माझ्यासमोर ठेवलं आणि जेवायला गेले. मी बसले बघत. दोन्ही शॉक एकाच लोखंडी चिमट्याला धरलेले असतात आणि चाक त्या चिमट्यात बसतं. एक बाज दोघांनी उचलली, एकानं खांद्यावर धरली, दुसऱ्यानं कमरेशी, तर वर झोपलेल्याचं काय होईल? ते चाकाचं होत होतं. चिमटा पिळला जायचा, चाक कलायचं, गाडी एका बाजूला ओढायची. सकाळी उठून मी पाटीवरची लाल अक्षरं स्वतःच्या हातानं खरवडून काढली. लोक विचारायचे, "वहिनी, लेडीज सेटिंग बंद केलं का?" मी म्हणायची, "माल संपला."

आमचं दुकान नांदेडात, लोह्याकडं जाणाऱ्या रस्त्याला. लग्न होऊन आले तेव्हा मला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नव्हता. गल्ल्यावर बसता बसता शॉकचं काम माझ्याकडं आलं. त्याचं कारण साधं. आमच्या ह्यांना बोलायचा कंटाळा, आणि शॉक विकायचा तर निम्मं लोखंड लागतं आणि निम्मी विचारपूस. आता गॅरेज आमचा थोरला, बालाजी, बघतो. मी बाहेर स्टुलावर बसून असते. पण शॉकचं गिऱ्हाईक आलं की बालाजी हातातलं काम ठेवून माझ्याकडं बघतो. माझ्या नातवंडांना हे फार भारी वाटतं. मलाही वाटतं, खोटं कशाला सांगू.

आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक पहिलं वाक्य तेच बोलतं, "मऊ द्या. गादीसारखा." सीटवर हातानं दाबून बघतात. दबली की खुश. मी तरुणपणी असंच दाबून दाखवून विकायची, आणि दाबताना बांगड्या वाजवायची, म्हणजे अजून मऊ वाटतं! पण दुकानात मऊ लागतो तो शॉक स्पीड ब्रेकरवर पार बुडाला टेकतो, आणि मग दणका मधे कुठंच न थांबता मणक्यात जातो. फार कडक घेतला तर प्रत्येक खड्डा वर उडवतो. स्प्रिंगचं काम वजन पेलायचं. तिच्या पोटातल्या तेलाचं काम तिची उसळी आवरायची. तेल म्हातारं झालं की गाडी खड्डा ओलांडून पुढं गेली तरी उंटासारखी डुलत राहते. म्हणून लांबच्या प्रवासाला सुखाचा शॉक म्हणजे मऊ शॉक न्हवे. गाडीवर जेवढं वजन बसणार, तेवढ्याला बेताचा शॉक. मग पहिला प्रश्न हाच येतो की दोघांचं मिळून वजन किती?

आणि इथंच आमच्याकडची पंचाईत. गड्याला त्याच्या बायकोचं वजन विचारायचं! एकजण माझ्यावर उखडलेच, "घरच्या वजनाशी तुम्हाला काय करायचंय?" बायकोला गॅरेजात आणायची रीत नाही. तिथं ग्रीस, शिव्या आणि आमचे हे. मग दुकानात एक वेगळीच रीत पडली. बायकोच्या वजनाचा कट्टा यायला लागला. कट्टा म्हणजे धान्याचं पोतं. सोयाबीन, हरभरा, तूर, ज्याच्या घरी जे असेल ते. तो मागच्या सीटवर बांधायचा, गडी पुढं बसणार, आणि मी चाकापासून मडगार्डपर्यंत टेप लावून गाडी किती खचली ते बघणार. मुरुडच्या एका भाऊसाहेबांनी अर्धाच कट्टा आणला. मी विचारलं, "एवढ्याच?" तर म्हणाले, "एवढीच." पुढच्या आठवड्यात त्यांची बायको स्वतः आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझं निम्मं कुठं सोडलं हो ह्यांनी?"

तर असे कट्टे मी कितीतरी मापले. त्यातला एक कट्टा मात्र असा आला, की तो आठवला की मी अजून स्टुलावरून उठून उभी राहते.

उदगीरचे एक अप्पा. डाळीचे आडते. साठी उलटल्यावर आडत मुलाच्या हाती दिली आणि लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घेतली. काळी, जडशीळ, उभी असली तरी रुबाब करणारी. गेल्या वर्षी एका सकाळी ती आमच्या दारात येऊन थांबली. मागच्या सीटवर तुरीच्या डाळीचा कट्टा, दोरीनं करकचून बांधलेला, वर ऊन लागू नये म्हणून टॉवेल पांघरलेला.

"ताई," अप्पा कट्ट्यावर थाप मारून म्हणाले, "ही आमची मंडळी."

"पन्नासाचा कट्टा दिसतोय."

"वरून आठ किलो टाकलेत. जन्मभर आडतीत बसलोय, नजरेनं वजन सांगतो मी."

मग बसून त्यांनी सगळं सांगितलं. गाडी घेतली ती बायकोसाठी. महादेवीअक्का नाव त्यांचं. जन्मभर दुकानाच्या मागच्या घरात. माडीवरून येणारे-जाणारे ट्रक बघायच्या आणि त्यांच्या पाठीवरची गावांची नावं वाचायच्या. मोटारीत बसलं की त्यांना मळमळतं, म्हणून मोटरसायकल. कूडलसंगमला देवदर्शनाला गाडीवरून जायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. तालीम म्हणून आधी बीदर गाठलं, आणि बीदरला किल्ल्यापाशी अक्का उतरल्या त्या वाकलेल्याच. कंबर सरळ होईना. डॉक्टरांनी सांगितलं, मणका धड आहे, पण असे दणके पुन्हा बसायला नकोत. अप्पांनी पहिले शॉक काढून मऊ घातले. अक्का पुन्हा वाकल्या. मग मुलाकडून इंटरनेटवरून बाजूला गॅसची डबी असलेले भारीतले मागवले. अक्का आणखी वाकल्या. आता मुलानं गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

"ती म्हणली, हे शेवटचं," अप्पा टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले. "जमलं तर जमलं. न्हाई तर गाडी देऊन टाका अन् मला पुन्हा माडीवर बसवा."

हे ऐकलं आणि माझ्या अंगात आलं म्हणा ना! मी बालाजीला हाक मारली. डबीवाल्या शॉकच्या दांड्याला मी भाजीच्या जुडीचं रबर गुंडाळलं. ही आमची साधी युक्ती. शॉक दबला की रबर दांड्यावर सरकतं आणि तिथंच राहतं. मग गाडी किती खाली बसली होती ते नंतर दिसतं. अप्पा आणि कट्टा चक्कर मारून आले. रबर जेमतेम हललेलं. म्हणजे शॉक चांगला, पण दोन पैलवानांसाठी केलेला. ह्या दोघांच्या वजनाला तो दबतच नव्हता. मी आतून मधल्या ताकदीच्या स्प्रिंगचा आणि ताज्या तेलाचा जोड काढला. लांबी तीच ठेवली. लोक उंच दिसायला लांब शॉक घालतात आणि मग स्टँडवर गाडी आडवी होते. बालाजीनं दोन्ही कडी एकाच खाचेवर ठेवली आणि माझ्याकडं मुद्दाम बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

चक्कर मारून अप्पा आले ते हसतच. रबर शेवटापासून बोटभर अलीकडं थांबलेलं. अगदी हवं तिथं!

"झालं की वो ताई! चलतो मी."

"थांबा. अक्कांना आणा."

"आता कशाला? कट्टा हाय की."

"कट्ट्याला कंबर नसते, अप्पा. कट्टा 'आई गं' म्हणत न्हाई."

दोन दिवसांनी अक्का आल्या. त्या एसटीनं, खिडकीशी लिंबू हुंगत, अप्पा गाडीवर. नवरा-बायको एकाच रस्त्यानं, पण वेगवेगळे! बारीक अंगाच्या, इरकल नेसलेल्या, कपाळाला विभूती, हातात पिशवी. आधी सगळं गॅरेज बघून घेतलं, मग आमच्या ह्यांना म्हणाल्या, "तुमच्याकडं रंगीत डबे लई हायेत." ग्रीसचे डबे ते. कौतुक करणारं पहिलंच माणूस. आमचे हे दोन मिनिटं बोलले त्यांच्याशी. एका वर्षाचं बोलणं झालं.

दोघं गाडीवर बसले, मी टेप लावला. माप जिथं कट्ट्यानं आणलं होतं तिथंच, एक सूत इकडं न्हाई की तिकडं. अप्पा ओरडले, "बघा! आडत्याची नजर!"

अक्का म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्सं झाली, अन् माझी पारख केली ती तुरीच्या डाळीवर."

गेले दोघं लोह्याच्या रस्त्यानं. आमच्या पुढं तीन स्पीड ब्रेकर आहेत, पाठोपाठ, कुणीतरी सूड उगवायला बांधल्यासारखे. मी स्टुलावर बसले आणि उठले आणि बसले. ते परत आले. अक्का उतरल्या, दाराची चौकट धरली आणि म्हणाल्या, "छान हाय."

ओठ पांढरे पडले होते.

अप्पांनी ते बघितलं. गाडीची किल्ली काढून हातात घेतली. गिऱ्हाइकाला द्यायची किल्ली माणूस कशी धरतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, किल्ली लावा, मला बसवा. टेस्टला मागं मीच बसते. केळीच्या बागेच्या फजितीनंतर मी ही शिस्त स्वतःला लावून घेतली आहे. सुनेची जुनी सलवार-कमीज घालायची, दोन्हीकडं पाय टाकून बसायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. स्पीड ब्रेकर आले कधी आणि गेले कधी! गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती. शॉक अव्वल होता. वजन बरोबर, खाच बरोबर, रबर बरोबर. मग अक्कांना का लागलं?

"अक्का," मी म्हटलं, "एकच डाव बसा. अप्पा, हळू चालवा, माझ्या समोरून जा. मला काय तरी बघायचंय."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. गाडी पहिल्या स्पीड ब्रेकरवर चढली, आणि मला दिसलं. शॉक सरळ खाली गेला, सरळ वर आला. अक्कांचे पाय मात्र डावीकडं, तोंड पुढं, एक हात अप्पांच्या खांद्यावर. पिळलेल्या धुण्यासारखी कंबर! प्रत्येक हादरा त्या पिळातून वर जात होता. एवढी वर्षं मी गाडीचा चिमटा पिळला म्हणून स्वतःला हसत आले, आणि मागं बसलेल्या बाईचा पिळलेला मणका रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. जगातला कुठलाही शॉक त्याला काय करणार? त्याला वर आणि खाली एवढंच येतं.

"सापडलं!" मी भर रस्त्यात ओरडले. एका रिक्षावाल्यानं ब्रेक मारला.

"काय सापडलं?" तो म्हणाला.

"तुमचं काय न्हाई हो, जा तुम्ही!"

आत आल्यावर मी अक्कांना सरळच सांगितलं. दोन्हीकडं पाय टाकून बसायचं. अक्का उभ्याच राहिल्या. अप्पा खाली बघायला लागले.

"ताई, आडत लाईनीत राहतो आम्ही," अप्पा म्हणाले. "समोर हमाल, मुनीम, सगळे ओळखीचे. घरात सून हाय."

"सून तर बसतीच की तशी," अक्का म्हणाल्या.

"ती सून हाय."

"मग मी कोण हाय? कट्टा?"

आमचे हे खोकले. मी अक्कांचा हात धरला आणि त्यांना आत नेलं. माझी टेस्टची सलवार त्यांना आखूड झाली, घोटे दिसत होते. कमीज ढगळ. आरशासमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, न्हाई जमायचं. त्या म्हणाल्या, "ताई, ह्याला खिसा हाय!"

बाहेर आल्या तेव्हा अप्पा भिंतीकडं बघून उभे होते. अक्कांनी त्यांच्या पाठीवर बोट टोचलं. "चला. अन् हळू जाऊ नका."

ते गेले. मी, बालाजी, आमचे हे, तिघंही रस्त्यावर. पहिल्या स्पीड ब्रेकरवर अक्कांचं डोकं वर-खाली झालं, बास. दुसऱ्यावर त्यांनी अप्पांचा खांदा सोडला. तिसऱ्यावरून गाडी उतरली आणि आम्हाला हसू ऐकू आलं. एवढ्या लांबून, ट्रकच्या आवाजातून! गाडी वळेल म्हणून आम्ही वाट बघत होतो, तर ती वळेचना. दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा अप्पांच्या मिशीवर धूळ होती.

"लोह्याच्या अलीकडच्या वाडीपर्यंत नेलं हिनं," ते म्हणाले. "जिथं स्पीड ब्रेकर दिसेल तिथं म्हणते, हा बी घ्या, हा बी घ्या!"

अक्का चौकट न धरता उतरल्या. दोन्ही हात कमरेवर ठेवून ताठ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "आणिक एकदा जाऊ?"

मला अजून कुणी शॉकसाठी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. त्या दिवशी मी स्वतःच वाजवल्या. आणि मग रात्री पोळ्या लाटताना मनात आलं की ह्याआधी किती बायकांच्या नवऱ्यांना मी नेमक्या वजनाचे शॉक दिले असतील, आणि त्या बायका घरी जाऊन गुपचूप कंबर शेकत बसल्या असतील. "छान हाय" म्हणणाऱ्या. मी त्यांना वजनाखेरीज काही विचारलंच नाही. आता विचारते. नवरा कट्टा घेऊन आला, तर कट्टा परत पाठवते.

निघताना अक्कांनी एक अट घातली. उदगीर सोडताना त्या साडीत, एका अंगानं बसून निघणार. देवणी मागं पडली, ओळखीचं कुणी उरलं नाही, की एखाद्या झाडामागं साडी बदलून सलवार घालणार आणि पाय दोन्हीकडं टाकणार. येताना देवणीच्या अलीकडं उतरून पुन्हा साडी, पुन्हा एका अंगानं. अप्पांचीही इज्जत राहिली, कंबरही राहिली. सलवार मी त्यांनाच दिली. डाळीचा कट्टा त्यांनी आमच्याकडंच ठेवला, आणि तिचं वरण इतकं दाट झालं की आमचे हे पुन्हा दोन वाक्यं बोलले.

ते कूडलसंगमला गेले त्या आठवड्यात मी फोन हातातून खाली ठेवला नाही. बालाजी म्हणायचा, "आई, शॉक बरोबर दिलाय तू." मी म्हणायची, "शॉकचं मला माहीत हाय रे. रस्त्याचं कुणाला माहीत?" फोन आला तो रविवारी दुपारी. अक्काच बोलत होत्या, मागून अप्पांचा "सगळं नको सांगू" असा आवाज येत होता. त्यांनी सगळं सांगितलं. ते मी इथं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"ताई, कंबर ठणठणीत हाय. संगमाचं पाणी बघितलं, पायऱ्या उतरले, चढले, कुणाचा हात धरला न्हाई. पर येताना एक गडबड झाली. मी गाणं म्हणत होते, ते देवणीपाशी उतरून साडी नेसायचं ध्यानातच राहिलं न्हाई. तशीच आडत लाईनीत शिरले, तुमची सलवार घालून, दोन्हीकडं पाय टाकून. हमालांनी कट्टे खाली ठेवले, मुनीम बाहेर आले, आमची सून माडीवरून बघत राहिली. ह्यांनी तर मानच खाली घातली. मी म्हटलं, मान वर करा, म्होरं स्पीड ब्रेकर हाय!"